चार एकरांचं छप्पर कोणाचं?

२०१२च्या ऑक्टोबरअखेर सँडी वादळ न्यूयॉर्कवर आदळलं, तेव्हा रॉकअवेच्या किनाऱ्यावरचे वृद्धाश्रम पाण्यात सापडले. तळमजल्यावर समुद्राचं पाणी, वीज गेलेली, लिफ्ट बंद. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना जिन्यांवरून उचलून खाली आणावं लागलं. त्यांतल्या शेकडो जणांना ब्रुकलिनमधल्या पार्क स्लोप आर्मरीत नेलं. १८९०च्या दशकात चौदाव्या रेजिमेंटसाठी बांधलेलं हे शस्त्रागार. दोनच वर्षांपूर्वी तिथे वायएमसीएनं व्यायामशाळा आणि खेळाचं मोठं दालन सुरू केलं होतं. ज्या फरशीवर आदल्या आठवड्यात पोरं बास्केटबॉल खेळत होती, तिच्यावर ओळीनं खाटा लागल्या. आसपासचे लोक स्वयंसेवक म्हणून आले, जेवण वाढलं, म्हाताऱ्यांशी गप्पा मारत बसले. नोव्हेंबरचे कितीतरी दिवस हे चाललं होतं.

शस्त्रागारांचं काय करायचं, हा वाद न्यूयॉर्कमध्ये गेली चाळीस वर्षं चालू आहे. मी या शहरात वीस वर्षं राहतो आणि तो वाद ऐकतो. मॉल करा, कलादालन करा, बर्फाची मैदानं करा, पाडून घरं बांधा. या गदारोळात त्या खाटा मला आठवतात. या इमारतींची खरी किंमत तटबंदीसारख्या भिंतींत किंवा लाकडी कोरीवकामात फारशी नाही. ती आहे आतल्या मोकळ्या जमिनीत. मध्ये एकही खांब नसलेली, छपराखालची, सरकारी मालकीची एवढी मोठी जमीन भरवस्तीत पुन्हा कुणी बांधणार नाही. म्हणून ती विकू नये, आणि एकाच धंद्याच्या हाती पिढ्यान् पिढ्या सोपवूही नये, असं माझं ठाम मत आहे.

ही जमीन मुळात कोणासाठी छपराखाली आली, हे आधी सांगायला हवं, कारण तो इतिहास सुखाचा नाही.

न्यूयॉर्कच्या रेजिमेंटा म्हणजे नोकरीधंदा सांभाळून कवायत करणाऱ्या नागरिकांची पलटण. आजच्या नॅशनल गार्डचे पूर्वज. परकीय शत्रूशी त्यांची गाठ कधीमधी पडायची. घरच्या माणसांशी मात्र वारंवार पडली. १० मे १८४९ला ॲस्टर प्लेसच्या नाट्यगृहाबाहेर दंगल झाली. निमित्त होतं एक इंग्रज आणि एक अमेरिकन नट यांच्यातल्या स्पर्धेचं, मुळाशी होता श्रीमंतांच्या नाट्यगृहाबद्दलचा गरिबांचा राग. सातव्या रेजिमेंटनं जमावावर गोळ्या झाडल्या आणि निदान २२ माणसं मेली. पुढे १८७७च्या जुलैत पगारकपातीविरुद्ध रेल्वे कामगारांनी संप केला. वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला पडलेली ठिणगी बघता बघता देशभर गेली. पिट्सबर्गमध्ये सैन्यानं गोळीबार केला, लोकांनी रेल्वेचं आवार पेटवलं, आणि देशभरात मिळून शंभराच्या आसपास माणसं गेली. पैसेवाल्या न्यूयॉर्कला घाम फुटला. आपल्या शहरात असं झालं तर सैनिक जमणार कुठे, बंदुका ठेवणार कुठे?

सातव्या रेजिमेंटची पार्क ॲव्हेन्यूवरची इमारत त्याच वर्षी बांधायला घेतली. योजना आधीपासून होती, पण संपानंतर देणग्यांचे हात सैल झाले. या पलटणीत शहरातल्या धनिक घराण्यांची मुलं असत, म्हणून तिला लोक रेशमी मोजेवाल्यांची रेजिमेंट म्हणत. इमारत खाजगी वर्गणीतून उभी राहिली, आतल्या खोल्या लुई टिफनीसारख्या नामांकित सजावटकारांनी सजवल्या. पुढची शस्त्रागारं मात्र जनतेच्या पैशातून झाली. १८८४ साली शहरात आर्मरी बोर्ड स्थापन झालं आणि पुढच्या तीसेक वर्षांत मॅनहॅटन, ब्रुकलिन, ब्राँक्समध्ये अशी कितीतरी शस्त्रागारं उभी राहिली. बुरूज, अरुंद खिडक्या, जाड दरवाजे, सगळं गढीसारखं. कापडाच्या आणि सिगारच्या कारखान्यांत राबणाऱ्या लोकांच्या वस्तीत, त्यांच्याच करातून, त्यांना धाक बसावा म्हणून.

हे मी मनातला राग काढण्यासाठी सांगत नाही. ज्यांच्या भीतीनं या भिंती उभ्या राहिल्या, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांचा या जमिनीवर पहिला हक्क आहे, असं मला वाटतं. आणि तो हक्क दयेतून आलेला नाही, कारण पैसे त्यांनीच भरलेत.

आता आतली जमीन. हजार माणसांनी रांगा धरून कवायत करायची तर मध्ये खांब चालत नाहीत. तेव्हाच्या रेल्वे स्टेशनांची लोखंडी कमानींची छपरं इंजिनिअरांच्या डोळ्यांसमोर होती. तोच प्रकार इथे आला. पार्क ॲव्हेन्यूच्या हॉलची फरशी सुमारे ५५,००० चौरस फूट आहे. ब्राँक्समधल्या किंग्जब्रिज आर्मरीचा हॉल ३०० फूट रुंद आणि ६०० फूट लांब, म्हणजे १,८०,००० चौरस फूट. एकराच्या भाषेत चार एकरांहून थोडा जास्त. गावाकडे चार एकर शेत म्हणजे एका घराचं पोट. ते एका छपराखाली, मध्ये एकही टेकू नसलेलं.

अशी जागा दिली की माणसं तिचं काय काय करतात, ते बघण्यासारखं आहे. लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवरच्या ६९व्या रेजिमेंटच्या, म्हणजे आयरिश पलटणीच्या, शस्त्रागारात १९१३च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कलाकारांच्या एका संघटनेनं हॉल भाड्यानं घेतला आणि पडदे टाकून सुमारे १,३०० कलाकृती मांडल्या. द्युशाँचं जिना उतरणारं नग्न चित्र, मातिस, सेझान, पिकासो अमेरिकेच्या सामान्य माणसाला पहिल्यांदा दिसले ते तिथे. लोक हसले, चिडले, पण रांगा लावून आले. अमेरिकन आधुनिक कलेचा इतिहास आजही त्या प्रदर्शनाला ‘आर्मरी शो’ म्हणतो. पुढे त्याच फरशीवर निक्स संघानं बास्केटबॉलचे सामने खेळले. आणि ११ सप्टेंबर २००१नंतरच्या दिवसांत बेपत्ता माणसांचे नातेवाईक तिथेच आले. हातात फोटो, दाढीचा ब्रश, कंगवा, डीएनए जुळवण्यासाठी जे मिळेल ते. इमारतीच्या भिंती फोटोंनी भरून गेल्या. चित्रं, चेंडू आणि शोक, तिन्ही एका फरशीनं सांभाळलं, कारण तिच्यावर कायमचं असं काही बांधून ठेवलेलं नव्हतं.

इथे कुणी म्हणेल, मोकळ्या जागेची एवढी आरती ओवाळू नका. त्याच मोकळ्या जागेत काय नरक झाला होता, ते १६८व्या रस्त्यावरच्या फोर्ट वॉशिंग्टन आर्मरीत जाऊन विचारा. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला बगल देऊन पुढे जाता येणार नाही.

१९७९ साली रॉबर्ट हेझ नावाच्या तरुण वकिलानं बावरी भागातल्या बेघर पुरुषांच्या वतीनं सरकारवर दावा लावला. आधार होता राज्याच्या घटनेतल्या १९३८च्या एका कलमाचा: गरजूंचा सांभाळ करणं हे राज्याचं काम आहे. महामंदीच्या दिवसांत लिहिलेलं हे वाक्य चाळीस वर्षं कागदावर पडून होतं. दाव्यातला पहिला वादी रॉबर्ट कॅलाहन हा बावरीतलाच बेघर माणूस. १९८१च्या ऑगस्टमध्ये तडजोडीच्या हुकुमावर सह्या झाल्या आणि मागेल त्या बेघर पुरुषाला निवारा देणं शहराला बंधनकारक झालं. कॅलाहन त्याआधीच रस्त्यावर मेला होता.

हुकूम झाला, पण खाटा टाकायच्या कुठे? शहरानं शस्त्रागारांकडे पाहिलं. वॉशिंग्टन हाइट्समधल्या फोर्ट वॉशिंग्टन आर्मरीच्या कवायतीच्या फरशीवर ऐंशीच्या दशकात हजाराच्या आसपास पुरुष झोपत. खाटेला खाट लागून. रात्रभर दिवे चालू. चोऱ्यामाऱ्या, चाकू, खोकला. त्या काळात शहराच्या निवाऱ्यांतून क्षयरोग पसरला, त्यात औषधांना दाद न देणाराही होता. कित्येकांना भुयारी रेल्वेचा फलाट त्यापेक्षा सुरक्षित वाटे. छप्पर दिलं म्हणजे माणुसकी दिली असं होत नाही, हे या शहरानं तिथे शिकायला हवं होतं.

पण त्या इमारतीची गोष्ट तिथे थांबत नाही. शस्त्रागार निवारा होण्याआधी शाळकरी धावपटूंच्या कित्येक पिढ्या त्याच्या लाकडी फरशीवर धावल्या होत्या. नॉर्बर्ट सँडर त्यांतलेच. पुढे ते डॉक्टर झाले आणि १९७४ची न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकले. निवाऱ्याची आणि ट्रॅकची ती अवस्था पाहून ते नुसते हळहळले नाहीत, मागे लागले. १९९३ साली तिथे नवा ट्रॅक सुरू झाला: २०० मीटर, वळणांवर उंच उचललेला, आज जगातल्या वेगवान बंदिस्त ट्रॅकमध्ये गणला जाणारा. २०१२पासून मिलरोझ गेम्स ही धावण्या-उड्यांची जुनी नावाजलेली स्पर्धा मॅडिसन स्क्वेअर गार्डन सोडून इथे भरते. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हिवाळ्यातल्या एखाद्या शनिवारचं दृश्य. माझी मुलगी शाळेच्या संघातून तिथे धावायची. शहरातल्या सरकारी शाळांची शेकडो पोरं, डॉमिनिकन, हैतीची, बांगलादेशी, कुठली कुठली, पायऱ्यांवर बसून डब्यातलं खात असतात. बाहेर बर्फ आणि आत बंदुकीचा एकच आवाज, शर्यत सुटल्याचा. आणि याच इमारतीच्या एका भागात बेघर पुरुषांचा लहान निवारा आजही आहे. खाटा मोजक्या, देखरेख नीट. दोन्ही शेजारी नांदतात. ज्यांना वाटतं की बेघर हटवल्याशिवाय इमारत सुधारत नाही, त्यांनी इथे येऊन पाहावं. वाईट होती ती हजाराची गर्दी. निवारा देण्यात काही वाईट नव्हतं.

पार्क ॲव्हेन्यूच्या सातव्या रेजिमेंटच्या इमारतीबद्दल माझं मत थोडं दुभंगलेलं आहे. २००६ साली राज्यानं ती एका ना-नफा संस्थेला ९९ वर्षांच्या करारानं दिली. गळणारं छप्पर सावरलं गेलं, टिफनीच्या खोल्या पुन्हा उजळल्या, आणि कवायतीच्या हॉलमध्ये जगात कुठेही मावणार नाहीत अशा कलाकृती आणि नाटकं झाली. काम उत्तम आहे, यात शंका नाही. वरच्या मजल्यावर मानसिक आजार असलेल्या वयस्क बेघर स्त्रियांचा निवारा शेजारची एक समाजसेवी संस्था चालवते. खाली तिकीट काढून आलेले रसिक, वर या बाया. श्रीमंत वस्तीत हा निवारा टिकला, याचा मला मनापासून आनंद आहे. तरी तिकिटांच्या किमती पाहिल्या की वाटतं, ज्यांच्या करातून नॅशनल गार्ड पोसलं गेलं त्यांतले किती जण त्या दारातून आत जाऊ शकतात? ९९ वर्षांचा करार करताना दर महिन्याला अमुक दिवस हॉल सगळ्यांना फुकट, असं ठसठशीत लिहून घ्यायला काय हरकत होती?

आता किंग्जब्रिज. लेखाच्या शीर्षकातले चार एकर तिथले.

चार नंबरची गाडी जेरोम ॲव्हेन्यूवरच्या उंच रुळांवरून किंग्जब्रिज रोडला येते तेव्हा डाव्या-उजव्या बाजूच्या घरांमधून अचानक लाल विटांचा डोंगर दिसतो. १९१२ ते १९१७मध्ये आठव्या रेजिमेंटसाठी बांधलेलं हे शस्त्रागार जगातल्या सर्वांत मोठ्या शस्त्रागारांत मोडतं. १९९६ साली ते शहराच्या ताब्यात आलं. तेव्हापासून, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं, ते बहुतेक काळ कुलूपबंद आहे. आजूबाजूला शहरातली अत्यंत दाट आणि गरीब वस्ती. शाळांत जागा नाही. पोरांना खेळायला पदपथ.

२००८ साली महापौर ब्लूमबर्ग यांच्या प्रशासनानं इथे मॉल करण्यासाठी ‘रिलेटेड’ या बांधकाम कंपनीची निवड केली. करसवलती ठरल्या. वस्तीतल्या चर्च, रहिवासी आणि कामगार संघटनांची आघाडी उभी राहिली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: इमारत आमची, सवलत आमच्या पैशातली, तर मॉलमध्ये काम करणाऱ्याला तासाला निदान १० डॉलर आणि वर आरोग्यविमा वगैरे द्या. किमान वेतन तेव्हा ७.२५ डॉलर होतं. ब्राँक्सचे अध्यक्ष रुबेन दियास ज्युनिअर या मागणीच्या बाजूनं उभे राहिले. कंपनी म्हणाली, हे परवडणार नाही. १४ डिसेंबर २००९ला नगरपरिषदेनं ४५ विरुद्ध १ मतांनी मॉल फेटाळला. महापौरांनी नकाराधिकार वापरला, परिषदेनं तोही उलटवला.

त्या निर्णयावर आजही टीका होते, आणि ती करणारे सगळेच काही धनदांडग्यांचे वकील नाहीत. ते म्हणतात: मंदीचं वर्ष होतं, ब्राँक्समध्ये बेकारी शहरात सगळ्यांत जास्त. शेकडो नोकऱ्या दारात आल्या होत्या, कमी पगाराच्या असतील, पण नोकऱ्या. तुम्ही तत्त्वासाठी त्या परत पाठवल्या आणि पदरात काय पडलं? कुलूप. २०१३ साली आइस हॉकीपटू मार्क मेसिये यांच्यासह एक योजना आली, नऊ बर्फाच्या मैदानांची. वस्तीशी लेखी करारही झाला: चांगलं वेतन, शाळांना मोफत वेळ, स्थानिक संस्थांसाठी जागा. पैसा उभा राहिला नाही आणि दहा वर्षांच्या आत तीही योजना बारगळली. म्हणजे तुम्ही पुन्हा पुन्हा अटी घालता आणि दर वेळी इमारत रिकामी राहते.

मी हे मान्य करतो की त्या कुलपाची किंमत वस्तीनं मोजली. २००९ला जी मुलं पहिलीत होती ती आज मोठी झाली, त्यांना आत पाऊल ठेवता आलं नाही. हे नुकसान कुठल्याही तत्त्वानं भरून निघत नाही. पण कुलूप वस्तीनं लावलं नाही. बर्फाची योजना वस्तीच्या अटींमुळे बुडाली नाही, ती बुडाली भांडवलाअभावी. दोन्ही वेळा चूक एकच होती. चार एकर एकाच मोठ्या विकासकाच्या एकाच मोठ्या कल्पनेवर लावले गेले. ती फसली की सगळंच फसलं. या दोन योजनांच्या मधल्या काळात फरशी थोडीथोडी उघडता आली असती. एका कोपऱ्यात शनिवारचा बाजार, दुसऱ्या कोपऱ्यात फुटबॉल, थंडीत चालायला येणारे म्हातारे. त्यासाठी लागतात शौचालयं, दिवे, आग विझवण्याची सोय आणि एक पगारी व्यवस्थापक. कोट्यवधी डॉलरांचा गुंतवणूकदार त्यासाठी लागत नाही. सँडीच्या वेळी मदतसामान साठवायला आणि वाटायला शहराला हेच किंग्जब्रिज आठवलं होतं. जी इमारत वादळाच्या दिवशी चालते ती इतर दिवशी का चालू नये?

माझे आजोबा लालबागच्या गिरणीत साच्यावर होते, म्हणून या वादात मला परकेपणा वाटत नाही. गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१च्या नियमात साधी वाटणी होती: एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१च्या दुरुस्तीनं ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीला लागू केली, इमारती पाडून मोकळी होणारी जमीन त्यातून निसटली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती उचलून धरली. लोकांचा वाटा भाषणांत कायम राहिला आणि व्याख्येच्या एका ओळीत गेला. म्हणून किंग्जब्रिजच्या सभांत कुणी ‘सामुदायिक जागा’ म्हणतं तेव्हा मी विचारतो, किती चौरस फूट, कुठल्या मजल्यावर, किती वाजल्यापासून?

हे विचारण्यानं फरक पडतो, याचा दाखला ब्रुकलिनमध्येच आहे. क्राउन हाइट्सच्या बेडफोर्ड-युनियन आर्मरीत महागडे फ्लॅट बांधून विकायची योजना होती. वस्तीनं रान उठवलं. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये नगरपरिषदेनं योजना मंजूर केली ती विक्रीचे फ्लॅट वगळून. जी घरं बांधायची ठरलं त्यांतली सगळी परवडणारी नव्हती, म्हणून कित्येक जण शेवटपर्यंत नाराज राहिले, आणि त्यांची नाराजी मला पटते. तरी २०२१ साली जुन्या घोडदळाच्या हॉलमध्ये सुरू झालेलं क्रीडाकेंद्र आज पोरांनी गजबजलेलं असतं. त्याला नाव दिलंय मेजर ओवेन्स यांचं. ‘मेजर’ हे त्यांचं नावच, लष्करी हुद्दा नव्हे. ग्रंथपालाची नोकरी करून पुढे संसदेत गेलेला हा माणूस.

२०२५च्या जानेवारीत किंग्जब्रिजसाठी पुन्हा नवा विकासक निवडला गेला. या खेपेला शहर आणि राज्य दोघंही पैसा घालताहेत. आराखड्यात हजारो प्रेक्षकांचं कार्यक्रमगृह, खेळाच्या जागा, स्थानिक उद्योगांसाठी गाळे आणि शेजारी परवडणारी घरं आहेत. आधीच्या दोन योजनांपेक्षा ही बरी आहे, कारण वस्तीला आधी विचारून मग ती आखली गेली. माझी काळजी कार्यक्रमगृहाची आहे. कायमच्या पायऱ्या आणि खुर्च्या एकदा काँक्रीटमध्ये रोवल्या की ती जमीन मोकळी राहत नाही. म्हणून खुर्च्या सरकत्या असाव्यात, मधली फरशी सपाट राहावी, आणि दिवसा, कार्यक्रम नसेल तेव्हा, ती वस्तीला खुली असावी. करारात एक कलम असावं: शहरानं आणीबाणी जाहीर केली की चोवीस तासांत हॉल रिकामा करून द्यायचा, बुडालेल्या कार्यक्रमांची भरपाई कशी करायची तेही आत्ताच ठरवायचं. खाटा, पांघरुणं आणि चाकांच्या खुर्च्या ठेवायला इमारतीतच एक कोठार राखून ठेवावं. पूर्वी तिथे बंदुका ठेवायला खोल्या होत्याच.